फाटकाबाहेरचे पाहुणे

पहाटे साडेपाचच्या सुमारास निगडीच्या चौकात जो उभा राहील, त्याला या शहराचे खरे रूप दिसेल. पहिल्या पाळीच्या कामगारांना घेऊन चाकणकडे, भोसरीकडे, तळेगावकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या गाड्या एकीमागून एक सुटत असतात. दोन-तीन तासांनी त्याच रस्त्यांवर पाठीला पिशव्या अडकवलेल्या विद्यार्थ्यांची गर्दी उसळते. पुण्याच्या, आणि पुण्यापासून आता वेगळ्या न काढता येणाऱ्या या उद्योगनगरीच्या, महाविद्यालयांकडे वाहणाऱ्या या दुसऱ्या गर्दीत नेपाळ, भूतान, येमेन, सुदान, टांझानिया अशा देशांतून आलेले तरुणही असतात. कारखान्याची गाडी आणि हा परदेशी विद्यार्थी एकाच रस्त्याने जातात. परंतु तीन-चार वर्षांच्या मुक्कामात त्यांची गाठ बहुधा पडत नाही. यंत्रशास्त्राची पदवी खिशात घालून तो मायदेशी परततो, तेव्हा देशातील एका अग्रगण्य मोटार-उद्योगाच्या उंबरठ्यावर आपण उमेदीची वर्षे काढली, पण आत पाऊल टाकले नाही, ही रुखरुख त्याच्या सामानात असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्याला मराठी येत असते तर त्याने स्वतःलाच लावली असती. दोष मात्र त्याचा नाही. कळसा कोठे आहे हे सांगण्याचे काम यजमानाचे असते, आणि आम्ही ते केलेले नाही.

परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत पुण्याची परंपरा अभिमान बाळगावा अशीच आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी वसतिगृहाच्या खिडकीतून काविळीने आजारी असलेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याला जेवण देणारी मुलगी पाहिली. परक्या मुलखात या मुलांना विचारणारे कोणी नाही, ही बोच त्यांच्या मनाला लागली, आणि तिच्यातूनच १९७१ साली 'सिंबायोसिस' उभी राहिली, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याही आधी, १९५० साली, मौलाना आझाद यांनी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची स्थापना केली, आणि तिच्या शिष्यवृत्त्यांवर कितीतरी देशांचे तरुण या देशात शिकून गेले. आजाऱ्याला जेवण, परक्याला निवारा, एकट्याला सोबत, हे त्या काळाचे पाहुणचाराचे माप होते आणि ते त्या काळाला शोभले. परंतु आज येणारा विद्यार्थी केवळ पाहुणचारासाठी येत नाही. त्याच्या बापाने शेत किंवा दुकान गहाण ठेवलेले असण्याचा संभव आहे. शिक्षणाच्या अखेरीस आपल्या हाताला काम मिळेल काय, हा त्याचा प्रश्न आहे. आणि त्या प्रश्नाला सणावारी भरणारी परदेशी विद्यार्थ्यांची स्नेहसंमेलने हे उत्तर होऊ शकत नाही.

हा प्रश्न आम्हाला नवा वाटण्याचे वास्तविक कारण नाही. कारण हाच प्रश्न घेऊन आमची मुले जगभर हिंडत आहेत. २०२४ च्या सरकारी माहितीप्रमाणे परदेशांत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या तेरा लाखांच्या वर गेली होती. चिंचवड-प्राधिकरणातील एखाद्या गल्लीत विचारावे. ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी, भाचा किंवा पुतण्या आखनला, स्टुटगार्टला, ग्लासगोला नाही, असे घर शोधावे लागेल. एकट्या जर्मनीत २०२३-२४ साली एकोणपन्नास हजारांवर भारतीय विद्यार्थी होते, आणि तेथील परदेशी विद्यार्थ्यांत त्यांचा क्रमांक पहिला होता. या मुलांना यजमान देश काय देतो? शिकत असताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा. पदवी हाती पडल्यावर योग्य नोकरी शोधण्यासाठी १८ महिने राहण्याची परवानगी. जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा ही संस्था तर २०२४ पासून खास या कामासाठी तेथील विद्यापीठांना साहाय्य देत आहे: परदेशी विद्यार्थ्याला भाषा शिकवावी, उद्योगांशी त्याची ओळख करून द्यावी आणि शिक्षणातून नोकरीत त्याचा प्रवेश सुकर करावा. जर्मनी हे दानधर्म म्हणून करीत नाही. त्या देशात म्हातारे वाढत आहेत आणि हात कमी पडत आहेत. पण स्वार्थ असला तरी तो शहाणा स्वार्थ आहे, आणि शहाणा स्वार्थ हा पुष्कळदा भाबड्या औदार्यापेक्षा अधिक उपकारक ठरतो.

उलट, यजमान जेव्हा हात आखडता घेतो तेव्हा आमची प्रतिक्रिया काय असते, तेही आठवावे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-१बी परवान्यासाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार टाकला, तेव्हा येथील घराघरांत संताप उसळला. शिक्षणानंतर दोन वर्षे राहण्याची ब्रिटनने दिलेली मुदत १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांसाठी दीड वर्षावर आणण्याचे ठरले, तेव्हाही, आमच्या मुलांचे शुल्क घेतले आणि आता दार लोटून घेतात, असा आक्रोश झाला. तो अवाजवी होता असे आम्ही म्हणणार नाही. आमचा प्रश्न इतकाच आहे, की ज्या न्यायाची मागणी आपण लंडनला आणि वॉशिंग्टनला करतो, तो न्याय आकुर्डीत आणि चाकणला आपण लावतो काय? लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि स्वतः कोरडे पाषाण, अशी आपली गत होत नाही ना?

कायद्याची स्थिती पाहिली तर उत्तर सुखावह नाही. विद्यार्थी परवान्यावर येथे आलेल्या परदेशी तरुणाला नोकरी करता येत नाही. पदवीनंतर राहून काम शोधण्याची, जर्मनी वा ब्रिटन देते तशी मोकळी मुदत त्याला नाही. नोकरीच्या परवान्यासाठी किमान वेतनाची जी मर्यादा पूर्वी २५ हजार डॉलर होती, ती पुढे वर्षाला १६ लाख २५ हजार रुपये अशी ठरविण्यात आली. अनुभवी परदेशी तज्ज्ञ यावा आणि साध्या कामासाठी परका मनुष्य आणला जाऊ नये, हा या मर्यादेचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु तीच मर्यादा काल येथेच पदवी घेतलेल्या तरुणाला लागू केली, की तिचा अर्थ बदलतो. चाकणमधील सामान्य कारखान्यात नव्या अभियंत्याला पहिल्या वर्षी त्याच्या निम्म्यानेही वेतन मिळणे कठीण. याचा अर्थ असा, की आम्ही ज्याला शिकविले, ज्याच्या उत्तरपत्रिका आम्ही तपासल्या, ज्याला आम्हीच लायक ठरविले, त्याला आमच्याच दाराशी आम्ही नालायक ठरवितो.

तथापि सगळा दोष कायद्यावर ढकलून मोकळे होणे हा सोपा मार्ग झाला, आणि तो अप्रामाणिकही आहे. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीप्रमाणे देशात ४६ हजार ८७८ परदेशी विद्यार्थी होते. त्यांतील शेकडा २८ एकट्या नेपाळचे. आता नेपाळच्या नागरिकाला भारतात येण्यास परवाना लागत नाही, आणि १९५० च्या मैत्री करारामुळे त्याला येथे काम करण्यासही मज्जाव नाही. म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सर्वांत मोठ्या गटापुढे कायद्याची भिंत नाहीच. मग काठमांडूच्या मुलीला चाकणच्या कारखान्याचे दार दाखविणारे कोणी का असू नये? तिने अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत काय विचारतात, पाळी म्हणजे काय, देखरेख करणाऱ्या मेस्त्रीशी कोणत्या भाषेत बोलावे, हे तिला कोण सांगतो? परदेशी विद्यार्थ्यांचा विभाग म्हणजे नोंदणीचे कागद पुढे सरकविणारी खिडकी, आणि नोकरी मिळवून देणारा विभाग म्हणजे इकडच्या मुलांची सोय, अशी विभागणी जेथे झाली आहे तेथे अडथळा दिल्लीच्या कायद्याने घातलेला नाही. तो येथील सवयीने घातलेला आहे.

विद्यार्थी परवान्यावर आलेल्यांचेही तसेच. अभ्यासक्रमाचाच एक भाग म्हणून घ्यावयाचे प्रशिक्षण म्हणजे नोकरी नव्हे, आणि रीतसर परवानगी घेऊन तशा प्रशिक्षणाला जाण्याची वाट बंद नाही. अभियांत्रिकीच्या पदवीत असे प्रशिक्षण आता आवश्यक मानले जाते. जी वाट खुली आहे तिच्यावरून चालण्यास विद्यार्थ्याला कोणी बोट धरून नेत नाही, एवढीच काय ती अडचण आहे.

या पट्ट्याने तरी ही गोष्ट विसरू नये. कारण याचा इतिहासच परक्या विद्येने आणि परक्या माणसांनी घडविला आहे. लोकमान्यांच्या पाठबळाने आणि सामान्य माणसाच्या पैशापैशांतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली तळेगावात निघाला. त्याची घडी बसविणारे ईश्वरदास वार्ष्णेय हे काचविद्या शिकण्यासाठी प्रथम जपानला आणि पुढे अमेरिकेला गेलेले विद्यार्थी होते. भट्टीजवळ उभे राहू देणारा कोणी यजमान परदेशात भेटला नसता, तर पुस्तकातील काच तळेगावात वितळली नसती. १९४७ च्या फाळणीत सर्वस्व गमावलेल्या सिंधी निर्वासितांनी पिंपरीत वसाहत केली आणि तिची बाजारपेठ बनविली. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि माळरानावर प्रतिजैविके तयार होऊ लागली. चाकण म्हटले की कांद्याचा बाजार एवढेच ज्यांना आठवत होते, त्यांच्या डोळ्यांदेखत तेथे २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. परकीय भांडवल, परकीय यंत्रे, परकीय व्यवस्थापक या सर्वांसाठी या पट्ट्याने रस्ते रुंद केले. फक्त परकीय विद्यार्थी तेवढा फाटकाबाहेर राहिला.

येथे एक आक्षेप उभा राहील, आणि तो क्षुल्लक नाही. आमचीच आयटीआय झालेली मुले ठेकेदाराच्या हाताखाली राबत आहेत, पदवीधर अभियंते तुटपुंज्या वेतनावर 'ट्रेनी' म्हणून वर्षानुवर्षे खितपत आहेत. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, असा हा प्रकार नव्हे काय? हा सवाल करणाऱ्या पालकाच्या पोटातील कळ आम्ही जाणतो. ज्यांच्या जमिनी या कारखान्यांखाली गेल्या त्या खेड, मावळ आणि हवेलीच्या मुलाचा हक्क पहिला, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु आकडे नीट पाहावेत. ज्या वर्षी देशात ४६ हजार ८७८ परदेशी विद्यार्थी होते, त्याच वर्षी उच्च शिक्षण घेणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांची संख्या ४ कोटी ३३ लाख होती. म्हणजे हजारांत फार तर एक परदेशी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी शेकडा २५ पर्यंत ज्या जागा ठेवण्यास मुभा दिली त्या मंजूर संख्येहून जादा आहेत. त्यांच्यामुळे इकडच्या मुलाची जागा जात नाही. आणि स्थानिक मुलाच्या वेतनाला जी कात्री लागते ती ठेकेदारीने आणि कायम कामावर हंगामी माणसे ठेवण्याच्या रिवाजाने लागते. तो रोग वेगळा आहे, त्याचे औषधही वेगळे आहे. सुदानच्या विद्यार्थ्याला सहा महिने यंत्रशाळेत उभे राहू न दिल्याने तो बरा होणार नाही.

उलट त्याच रोगाची लागण या परदेशी मुलांना होऊ नये, याची काळजी मात्र घेतली पाहिजे. प्रशिक्षणाच्या नावाखाली स्वस्तात मिळालेला हात म्हणून कोणी त्यांचा उपयोग करून घेऊ लागला, तर तो दुहेरी अन्याय होईल: त्यांच्यावर आणि इकडच्या कामगारावर. म्हणून मुदत, कामाचे तास, विद्यावेतन आणि शिकविणारा जबाबदार माणूस या चार गोष्टी लेखी ठरल्याशिवाय असा विद्यार्थी कोणत्याही फाटकातून आत जाता कामा नये.

दुसरा आक्षेप असा, की ही मुले शेवटी परत जाणार. त्यांना शिकवून आपल्याला लाभ काय? लाभ पाहावयाचा असेल तर तो आकुर्डीपासूनच पाहावा. तेथे मुख्यालय असलेल्या बजाज कंपनीच्या 'बॉक्सर' मोटारसायकली नायजेरियापासून युगांडापर्यंत भाड्याने उतारू वाहतात आणि तेथील हजारो घरांची चूल त्यांवर पेटते. त्या दुचाकीची देखभाल, सुट्या भागांचा पुरवठा, तेथील रस्त्याला मानवेल अशी तिची सुधारणा, यांसाठी ज्याने आपल्या गावात ती चालताना पाहिली आणि आपल्या शहरात ती कशी घडते हे शिकून घेतले, त्याच्याइतका योग्य माणूस कोण? कंपाला किंवा कानो येथे बसलेला आणि थोडे मराठी जाणणारा असा एक अभियंता परदेशातील दहा प्रदर्शनांपेक्षा या पट्ट्याच्या मालाला अधिक उपयोगी पडेल. आणि तो कडवट मनाने परत गेला, तर पुढच्या पिढीला तो पुण्याचा नव्हे, दुसऱ्याच देशाचा रस्ता दाखवील. सरकारने २०१८ मध्ये 'स्टडी इन इंडिया' ही मोहीम सुरू केली. पण परत गेलेल्या विद्यार्थ्याची साक्ष ही कोणत्याही सरकारी जाहिरातीपेक्षा वजनदार असते.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट, खरे बोलावे. प्रवेश देण्यापूर्वी आणि शुल्क घेण्यापूर्वीच विद्यार्थ्याला लेखी सांगावे, की या देशात शिकत असताना तुला नोकरी करता येणार नाही, पदवीनंतरची वेतनमर्यादा अमुक आहे, आणि प्रशिक्षणाच्या वाटा अमुक आहेत. गोड बोलून गिऱ्हाईक गटविणे व्यापाऱ्यालाही शोभत नाही. विद्यापीठाला ते कसे शोभावे? परदेशी पाठविणाऱ्या दलालांच्या थापांनी आमची मुले फसतात, तेव्हा आम्ही त्यांना दूषणे देतो. तीच कसोटी आपण स्वतःला लावावी.

दुसरी गोष्ट भाषेची. जर्मनीला निघालेली आमची मुले रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्स म्युलर भवनात महिनोन्‌महिने जर्मन घोकतात, कारण भाषेवाचून तेथे पाऊल रोवत नाही, हे त्यांना माहीत असते. चाकणच्या यंत्रशाळेची भाषा इंग्रजी नाही. ती मराठी आणि हिंदी यांच्या मिश्रणाने बनलेली आहे. पहिल्याच वर्षी परदेशी विद्यार्थ्यांना व्यवहारी मराठीचा वर्ग असावा, आणि तो व्याकरणापेक्षा बसथांब्याला, दवाखान्याला, यंत्रशाळेला जवळचा असावा. मराठीच्या अभिजात दर्जाचा आनंद आम्ही २०२४ साली साजरा केला. परक्या मुलाने मेस्त्रीला मराठीत शंका विचारावी, हाही त्या दर्जाचा मान आहे.

तिसरी गोष्ट उद्योगांनी करावयाची आहे. १९३४ पासून या भागाच्या व्यापार-उद्योगाची धुरा वाहणाऱ्या मराठा चेंबरने पुढाकार घ्यावा, मोठ्या कारखान्यांकडून वर्षाला दोन-दोन, चार-चार प्रशिक्षणाच्या जागा मागून घ्याव्यात, महाविद्यालयांनी त्यांसाठी विद्यार्थी निवडावेत, आणि वर्षाच्या अखेरीस किती जागा भरल्या व किती रिकाम्या राहिल्या याचा हिशेब जाहीर करावा. फोक्सवॅगनसारख्या कंपनीने चाकणमध्ये वर्ग आणि यंत्रशाळा यांची सांगड घालणारी जर्मन धर्तीची शिक्षणपद्धती इकडच्या मुलांसाठी रुजवून दाखविली आहे. त्याच वाटेवर दोन पावले परदेशी विद्यार्थ्यांसाठी टाकणे अवघड नाही.

चौथी गोष्ट सरकारची. मान्यताप्राप्त भारतीय विद्यापीठाची पदवी घेतलेल्या परदेशी तरुणाला पदवीनंतर एक वर्ष राहून आपल्या विषयातील काम शोधण्याची मुभा द्यावी, आणि त्याच्यापुरती ती वेतनमर्यादा त्या कामाच्या येथील रास्त वेतनाशी जोडावी. इकडच्या माणसापेक्षा कमी वेतनावर त्याला ठेवता येणार नाही, ही अट घातली म्हणजे स्थानिकांचेही रक्षण होते. सुरक्षिततेची चिंता कोणी पुढे करील, तर त्याचीही व्यवस्था झालेली आहे. २०२५ च्या विदेशी नागरिकविषयक कायद्याने परदेशी विद्यार्थ्यांची माहिती कळविण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर टाकली आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र ज्याची नोंद ठेवली त्याची दखलही घेतली पाहिजे. आमच्या यंत्रणेला यांतील पहिली गोष्ट चांगली जमते. दुसरी तिने आता शिकावी.

यांतील पहिल्या तीन गोष्टींसाठी दिल्लीकडे डोळे लावून बसण्याची गरज नाही. त्या येत्या शैक्षणिक वर्षापासून, या शहराच्या हद्दीत, येथील माणसांनी मनात आणले तर होऊ शकतील. त्या करीत असताना प्रत्येक प्राध्यापकाने, प्रत्येक कारखानदाराने आणि, आम्ही विनयाने सांगतो, परक्या मुलाला खोली भाड्याने देताना कपाळाला आठी घालणाऱ्या प्रत्येक सद्‌गृहस्थाने एक गोष्ट मनात आणावी. आपला मुलगा या क्षणी जर्मनीतल्या एखाद्या गावी थंडीत कुडकुडत एका कारखान्याच्या फाटकाशी उभा आहे, आणि आतला माणूस त्याचा कागद हातात घेऊन त्याच्याकडे पाहत आहे. त्या माणसाने काय करावे अशी आपली इच्छा आहे, तेच आपण निगडीच्या चौकातील त्या मुलासाठी करावे.